घरात माणसं किती

धुळाप्पाला काहीही विचारा, फक्त किती ते विचारू नका. कुठल्या माळावर कुसळ जास्त, विजापूरच्या अलीकडं कुठला पाटील मेंढरं बसवायला रान देतो आणि कुठला नुसता चहा पाजून वाटेला लावतो, हे तो तासभर सांगेल. पण मेंढरं किती, असा प्रश्न आला की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. "हायती की देवाच्या दयेनं," एवढं बोलून तो आभाळाकडं बघायला लागतो. लस टोचायला सांगोल्याहून डॉक्टर येतात, तेव्हा मोजणी त्यांची ते करतात आणि धुळाप्पा तेवढा वेळ पाठ करून उभा राहतो. आकडा तोंडातून गेला की कळपाला दृष्ट लागते, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापाला आज्यानं. तेव्हा त्याची मेंढरं किती, ते आपणही इथं सांगायला नको. उगाच कुणाच्या जित्राबावर आपली जीभ कशाला?

माणसांचंही तेच. घरात माणसं किती, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बक्कळ हायती." बक्कळ म्हणजे भरपूर, आणि भरपूर म्हटल्यानं कुणाचं वाईट होत नाही, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब आज आडवा येणार हे त्याच्या लेकीला, ऋतुजाला, पक्कं ठाऊक होतं. म्हणून सांगोल्याहून एसटी सुटल्यापासून ती बापाच्या कानाशी लागली होती.

"अप्पा, घरमालकीणबाई एकच गोष्ट विचारणार. राहणार किती जण. तुमी म्हणायचं, दोघी. बास."

"तूच सांग की."

"मी फोनवर सांगितलंय. त्यांना घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून पायजे."

धुळाप्पानं खिडकीतून बाहेर बघितलं. पलीकडच्या सीटवर राजाबाई, त्याची बायको, डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. उन्हाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय थोडा सावरला, हात मात्र अजून स्वतःचा नसल्यासारखा पडून असायचा, आणि शब्द तोंडात अडकायचे. सोलापुरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज व्यायाम झाला तर हात परत येईल, खाडा पडला तर नाही. सांगोल्याहून रोजचं जाणं-येणं म्हणजे व्यायामाआधीच जीव जायचा. म्हणून राजाबाईनं आता लेकीपाशी सोलापुरात राहायचं ठरलं होतं.

ऋतुजा चिंचोळी एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. राहायची मुलींच्या हॉस्टेलवर, तिसऱ्या मजल्यावर, जिथं आईला वर यायला परवानगी नव्हती आणि परवानगी असती तरी जिने चढता आले नसते. कंपनीची बस सकाळी एसटी स्टँडच्या कोपऱ्यावरून सुटायची. दवाखाना तिथून रिक्षानं जवळ. तेव्हा स्टँडजवळचं, तळमजल्यावरचं घर पाहिजे होतं. महिनाभर तिनं गल्ल्या पालथ्या घातल्या. तळमजला असला की तिथं दुकान असायचं, आणि घर असलं की जिना असायचा. कुठं एकट्या मुलीला नको, कुठं आजारी माणूस नको. अखेर स्टँडच्या मागं बसवकृपा बिल्डिंग सापडली. भाड्याचं, डिपॉझिटचं फोनवरच जमलं. मालकीणबाईंची अट एवढीच होती की घरातलं वडीलधारं माणूस समोर बसून बोललं पाहिजे. आणि आज संध्याकाळी दुसरं एक कुटुंब बघायला येणार होतं.

थोडक्यात, राजाबाईचा हात धुळाप्पाच्या एका शब्दावर येऊन थांबला होता, आणि तो शब्द त्याला काढायचा नव्हता.

आता कुणी म्हणेल, काय हट्टी म्हातारा आहे. पण ऋतुजालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. उन्हाळ्यात सर्व्हेच्या बाई दारात आल्या होत्या. धुळाप्पा नेहमीसारखा "बक्कळ" म्हणून मोकळा झाला. पण राजाबाई त्या दिवशी खुशीत होती, सुनेला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. तिनं हसत हसत बोटावर मोजून आकडा सांगून टाकला, वर पोटातलंही धरलं. आठ दिवस गेले नाहीत तोवर राजाबाई चुलीपुढं कोसळली. धुळाप्पानं हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलला असता तर ऋतुजानं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट पुढं ठेवलं असतं, आणि ते खरंही होतं, राजाबाईनं गोळ्या सोडल्याच होत्या. पण माणसाच्या मनाला गोळ्यांचं पाकीट कुठं पुरतं? धुळाप्पाला भीती वाटत होती, साधी भीती.

बसवकृपा बिल्डिंग जुनी, तीन मजली, दगडी जोत्याची. जिन्यातल्या भिंतींना कधीकाळी निळा रंग असावा. दारात पाण्याची निळी पिंपं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात मालकाचं आडनाव होतं. मालकीणबाई दाक्षायणीबाई पहिल्या मजल्यावर राहत. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चालताना हातात छडी असल्याचा भास व्हायचा. त्या किल्ली घेऊन खाली आल्या, त्यांनी आधी राजाबाईला खुर्ची दिली आणि मग घर दाखवलं.

धुळाप्पाला घर फार आवडलं. तसं त्यानं बोलून दाखवलं नाही, पण तो प्रत्येक दारातून दोनदा आत-बाहेर करत होता. उंबरा बोटभर उंचीचा, राजाबाईचा पाय अडखळायचा नाही. मोरी आणि संडास आतच. फरशी गार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टँडच्या कर्ण्यावरचा आवाज स्वच्छ येत होता. "सांगोला मार्गे जाणारी," असं कुणीतरी नाकातून ओरडलं, तेव्हा धुळाप्पानं राजाबाईकडं बघितलं आणि राजाबाई निम्म्या तोंडानं हसली. गाडीतून उतरून आपण पायीच इथवर येऊ शकू, हे त्याच्या मनानं केव्हाच मोजून ठेवलं होतं. पावलं मोजायला त्याची हरकत नसायची.

"बसा," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "आता कामाचं बोलू. ह्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, ते तुम्हाला माहीतच असेल. खाली हौद एक, वर टाकी एक. बिल्डिंगमध्ये माणशी ठरलेलं पाणी. मागच्या भाडेकरूनं तीन पोरं राहणार म्हणून सांगितलं होतं. अकरा निघाली. वरच्या मजल्यावर बाळंतीण होती बघा, तिला अंघोळीला पाणी नव्हतं. तेव्हापासून मी आधी एकच विचारते."

ऋतुजानं बापाकडं बघितलं. डोळ्यांनीच हात जोडले म्हणा ना.

"तर, राहणार माणसं किती?"

धुळाप्पानं घसा साफ केला. आभाळ शोधलं, तर वर पंखा होता. दोघी म्हणायचं, त्यानं मनात घोकलं. दोघी. शब्द ओठापर्यंत आला आणि त्याच वेळी राजाबाईचा पडलेला हात त्याच्या नजरेला पडला. सगळं आयुष्य ज्या उत्तरावर निभावलं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"बक्कळ हायती की, देवाच्या दयेनं."

सांगोल्याच्या कुठल्याही ओसरीवर हे ऐकून समोरचा माणूस खूश झाला असता. दाक्षायणीबाईंनी पेनचं टोपण लावलं.

"बक्कळ म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, बाई," ऋतुजा घाईनं म्हणाली. "आमच्याकडं तशी म्हणायची पद्धत आहे. मी आणि आई. दोघीच."

"तुला नाही विचारलं मी. ह्यांना विचारतेय. दोघीच का हो?"

धुळाप्पा पंख्याकडं बघत राहिला.

"व्हय म्हणा की अप्पा," ऋतुजा म्हणाली. महिनाभराच्या गल्ल्या, हॉस्टेलचा जिना, आईचा हात, सगळं त्या आवाजात होतं, आणि धुळाप्पाला ते कळत नव्हतं असं नाही. पण व्हय म्हणणं म्हणजे आकड्यावर सही करणं. त्यानं पटक्याचं टोक हातात घेतलं आणि पिळत राहिला.

दाक्षायणीबाई उठल्या. खिडकीपाशी जाऊन त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. अक्कलकोटचं माहेर त्यांचं, भावाशी बोलायची भाषा कानडी. संध्याकाळच्या मंडळींना यायला सांग, असं त्या म्हणाल्या. ही मुलगी चांगली दिसते, आईही बिचारी आजारी आहे, पण बापाचं काही खरं नाही. "येनो मुच्चिडाकत्तान," त्या हळू आवाजात म्हणाल्या. काहीतरी लपवतोय.

आता कानडी मुलखात मेंढरं घेऊन निम्मं आयुष्य काढलेल्या माणसासमोर कानडीत कुजबुजणं म्हणजे त्याच्या कानातच बोलणं. धुळाप्पानं पटका सोडला. हट्टी म्हणा, अडाणी म्हणा, तो रागावला नसता. पण आयुष्यात त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. दुसऱ्याचं कोकरू चुकून कळपात आलं तर ते पोचवायला तो दोन गावं चालत जायचा.

"येनू मुच्चिट्टिल्ल, अव्वा," तो म्हणाला. काही लपवलं नाही, आई.

दाक्षायणीबाईंच्या हातातला फोन तसाच राहिला. मग त्यांनी तो बंद केला आणि परत खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि मुख्याध्यापिकांना ओशाळायची सवय नसते, त्यामुळं त्या आणखीच कडक आवाजात म्हणाल्या, "मग सांगा. लपवत नाही तर सांगत का नाही?"

"आकडा सांगत न्हाय मी. मेंढराचा न्हाय, माणसाचा न्हाय. सांगितलं तर..." राजाबाईकडं बघायचं त्यानं टाळलं. "हिनं सांगितला हुता. उन्हाळ्यात. त्याच आठवड्यात ही पडली."

ऋतुजाला हे पहिल्यांदाच कळत होतं. गेल्या चार महिन्यांत बाप आईच्या उशाशी बसून एकटाच कशाकडं बघत असायचा, ते तिला आता समजलं, आणि सकाळपासून आपण ह्या माणसाला पढवत होतो ह्याचं तिला वाईट वाटलं.

"ती बीपीनं पडली, अप्पा," ती हळूच म्हणाली.

"आसंल. मला बी ठावं हाय त्ये. तरी पर जीभ उचलत न्हाय."

दाक्षायणीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "आणि मेंढरं? मोजत नाही तर हरवलेलं कळतं कसं तुम्हाला?"

हा प्रश्न मात्र धुळाप्पाच्या घरचा होता. त्याचा चेहरा बदलला. "संध्याकाळी वाघरीच्या, म्हंजी जाळीच्या, तोंडाला हुबं ऱ्हायाचं. एकेक आत जातंय. ही लांब कानाची, ही गेल्या साली लंगडली ती, हे तिचं कोकरू. सगळी आत गेली की ज्याचं नाव उरलं त्ये हरवलं. आकडा कशाला लागतोय? आकड्याला काय तोंड असतंय व्हय?"

"म्हणजे हजेरी घेता तुम्ही."

"काय की."

"हजेरीच ती. पट किती ते वरून साहेब विचारायचे. मी वर्गात गेले की नावंच घ्यायची." दाक्षायणीबाईंनी पेनचं टोपण काढलं. पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूंचा फॉर्म त्यांनी मांडीवर ओढला. "मग घ्या हजेरी. ह्या घरात कोण येणार, कोण राहणार, नाव घेऊन सांगा. आकडा मी तुम्हाला विचारणार नाही. तो रकाना वर जाऊन भरेन, तुमच्या समोर नको."

धुळाप्पा उठून उभा राहिला. बसून हे काम त्याला कधी जमलंच नव्हतं. तो दारात गेला, चौकटीला टेकला आणि रिकाम्या खोलीकडं बघत एकेक नाव घ्यायला लागला.

"ऋतुजा. हितंच ऱ्हाणार. सकाळी कंपनीत जाती, दिवस मावळायच्या आदी येती. राजाबाई, तिची आई. हितंच. तिला दोन बादल्या लागत्यात, एक मी म्हणलो तर ती भांडंल." राजाबाईच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. "आमचा थोरला, अजिनाथ. बाजारच्या दिशी येणार, डाळिंब आन् तूप घिऊन. जेवून सांजच्या गाडीनं माघारी. त्येची बायको संक्रांतीनंतर यील, लेकरू झाल्यावर. लेकराचं नाव अजून न्हाय. त्येला पाणी लई लागंल, धुणं असतंय. दुसरं कोण न्हाय. भावकी येणार न्हाय. आलीच तर म्या स्टँडवरनं चहा पाजून लावून दीन."

दाक्षायणीबाई लिहीत होत्या. फॉर्मवर जागा नव्हती तरी त्यांनी दोन बादल्याही लिहिल्या. अकरा पोरांनी जे सांगितलं नव्हतं, ते सगळं हा माणूस सांगत होता. अजून न जन्मलेल्या बाळाच्या दुपट्यांचं पाणीसुद्धा त्यानं लपवलं नव्हतं.

"बास? झाली सगळी?" त्यांनी विचारलं.

धुळाप्पानं खोलीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, रोज संध्याकाळी फिरवायचा तशीच. "झाली."

"आणि तुमचं नाव?"

"माझं?"

"सगळ्यांची घेतलीत. तुमचं नाही आलं."

वाघरीच्या तोंडाशी उभा राहणारा स्वतःचं नाव कधी घेत नाही, तो आहे म्हणून तर बाकीची आत जातात. पण इथं तसं नव्हतं. इथली दारं लागणार होती आणि तो बाहेर असणार होता, रानात, मेंढरांपाशी. लग्न झाल्यापासून राजाबाई आणि तो एका जागी नाहीत असं कधी झालं नव्हतं. डोक्यावर बिऱ्हाड घेऊन ती त्याच्या मागं कृष्णेपर्यंत चालली होती. आकडा काढला तर कुणीतरी कमी होईल, ह्या भीतीनं तो इतका वेळ पटका पिळत बसला होता, आणि आकडा न काढताच ह्या घरातून एक जण कमी झाला होता. तो एक जण आपणच आहोत, हे त्याला दारात उभं राहिल्यावर कळलं.

"मी न्हाय त्यात," तो म्हणाला. "मेंढरं हायती तिकडं. मी येऊन-जाऊन असंन."

"येऊन-जाऊनची वेगळी ओळ आहे. नाव काय लिहू?"

त्याचा हात पुन्हा पटक्याच्या टोकाकडं गेला. ऋतुजानं सांगायला तोंड उघडलं. पण तिच्या आधी खुर्चीवरून आवाज आला.

"धु," राजाबाई म्हणाली.

तिघांनीही तिकडं बघितलं. वारं गेल्यापासून राजाबाई पाणी म्हणायची, नको म्हणायची, कधी लेकीला अर्ध्या नावानं हाक मारायची, त्यापुढं तिची गाडी जात नव्हती. आणि हे नाव तर तिनं चांगल्या जिभेनंही कधी घेतलं नव्हतं. अवो, आमचं हे, ऋतुजाचं अप्पा, असंच तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. रेशन दुकानात कार्डावरचं नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. आता ती उजव्या हातानं डावा हात घट्ट धरून बसली होती आणि ओठ जुळवायची खटपट करत होती. कपाळावर घाम आला होता.

"धुळ... धुळाप्पा."

"धुळाप्पा," दाक्षायणीबाईंनी मान वर न करता लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही. मग त्यांनी किल्ली काढून ऋतुजाच्या हातात ठेवली आणि पाणी परवा पहाटे येईल, पिंपं आजच आणून ठेवा, असं सांगितलं.

ऋतुजा आईच्या पायाशी बसली होती. "आये," ती म्हणाली, "परत म्हण की एकदा."

राजाबाईनं लेकीकडं बघितलं नाही. ती दाराकडं बघत होती, जिथं तिचा नवरा उभा होता आणि रडत होता, आणि ते कुणापासून लपवत नव्हता. या वेळी तिला कमी वेळ लागला.

"धुळाप्पा."

"व्हय," तो म्हणाला. "हाय की हितंच."